फुलासुराची मिशी

आपल्या दारातली जास्वंद आपल्याच देवाला वाहायला मिळावी, एवढीच माझी इच्छा होती. हिला महत्त्वाकांक्षा म्हणता येणार नाही. पण कळंब्याकडच्या आमच्या कॉलनीत ही इच्छा पुरी करायची तर बाईला दूधवाल्याच्या आधी उठावं लागतं, आणि मी उठत नाही. मी गॅलरीत येईपर्यंत तलावाकडं फिरायला जाणारी निम्मी कॉलनी आमच्या कंपाउंडवरून हात घालून गेलेली असते. जास्वंद, तगर, कण्हेर, जे हाताला लागेल ते. मागं राहतात त्या कळ्या, आणि त्यांच्यावरच्या मुंग्या. आमच्या गणपतीनं आजवर मुंग्यांसकट कळी गोड मानून घेतली. त्याचं मन मोठं. माझं नाही.

एकदा एका बाईंना मी रंगेहाथ पकडलं. पायात पांढरे बूट, कानात गाणी, एका हातात कुत्र्याची साखळी आणि दुसऱ्या हातात माझी जास्वंद. मी वरून ओरडले, "अहो, काय करताय?" बाई दचकल्या नाहीत. उलट, मीच त्यांच्या घरात डोकावल्यासारखं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "देवाला हाय की! पाप लागत न्हाय!" आणि चालू लागल्या. कुत्रा तेवढा जरा ओशाळल्यासारखा वाटला.

त्याच दिवशी मी ठरवलं, बोर्ड लावायचा.

कॉलनीत एखादी गोष्ट ठरवणं आपल्या हातात असतं, ती आपल्या मनासारखी होणं नसतं. समोरच्या सलमाभाभी म्हणाल्या, "ताई, बोर्ड कशाला? झाडाला लिंबू-मिरची बांधा. भिऊन हात लावणार न्हाईत." मी म्हटलं, "भाभी, लिंबाचे भाव बघा. फुलं राहतील आणि लिंबं जातील." कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले, कॅमेरा लावा. त्यांच्या दाराला कॅमेरा आहे. त्यात त्यांची चप्पल नेणाऱ्या माणसाची टोपी फार स्पष्ट दिसते. आमचे हे, म्हणजे माझे यजमान विजयसिंह, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "झाडच काढून टाक. फुलंच नसली की चोर कशाला येतील?" हा माणूस बँकेत कर्जवसुली बघतो.

आता बोर्ड म्हणजे नुसतं ‘फुले तोडू नयेत’ असं लिहून भागत नाही. आपल्याकडं ‘येथे थुंकू नये’ लिहिलेल्या भिंतीचा रंग काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी चित्र काढायचं ठरवलं. चित्रकला मी कुठं शिकले नाही. लग्नाआधी भरतकामाचे नमुने काढायची, लग्नानंतर रांगोळ्या, आणि अलीकडं मोबाईलवर बघून बघून व्यंगचित्रं. नाकं मला चांगली जमतात, हात अजून मनासारखे जमत नाहीत. म्हणून माझ्या चित्रातली माणसं शक्यतो काहीतरी धरून उभी असतात.

जुन्या कपाटाच्या पाठीचा प्लायवूड घेतला आणि त्यावर एक खलनायक काढला. डोक्यात माकडटोपी, पाठीवर उडता टॉवेल, बटाट्यासारखं नाक, हातात गच्च भरलेली कॅरीबॅग आणि आकडेबाज मिशी. मिशी मी फार मन लावून काढली होती. दोन्ही टोकं वर, विंचवाच्या नांगीसारखी. नाव ठेवलं फुलासुर. खाली त्या बाईंचंच वाक्य लिहिलं : "देवाला हाय की! पाप लागत न्हाय!"

आणि रंग ओला असतानाच बोर्ड वाळायला भिंतीला उभा करून मी भाकरी थापायला गेले.

परत आले तोवर मिशी घसरली होती. काळा रंग दोन्ही बाजूंनी ओघळून हनुवटीपर्यंत आला होता आणि तिथंच वाळला होता. खलनायक एकाएकी केविलवाणा दिसायला लागला. चोरी करतोय, पण घरी कोणी विचारत नाही, असा. मला वाटलं, असू दे. चोराच्या मिशीची एवढी काळजी कोण करतंय?

बोर्ड तारेनं कंपाउंडला बांधला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठून पडद्याआड उभी राहिले. फिरायला जाणारे थांबले, त्यांनी बोर्ड वाचला, पोट धरून हसले, एका हातानं बोर्डाबरोबर सेल्फी काढला आणि दुसऱ्या हातानं फुलं काढली.

माझी मुलगी तेजस्वी कॉलेजात आहे. तिनं बोर्डाचा फोटो काढून मोबाईलवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमच्या आईचा संताप." पहिल्या दिवशी तिच्या मैत्रिणी हसल्या. नंतर त्यातल्या एकीनं माझा संताप कापून टाकला आणि फुलासुर तेवढा ठेवला. वर लिहिलं : ‘लेक्चर बुडवून पिक्चरला जाताना.’ खाली त्याचं ते वाक्य होतंच.

तिथून तो सुटला तो सुटलाच. नो एंट्रीतून उलटा येणारा रिक्षावाला : देवाला हाय की, पाप लागत न्हाय. पांढऱ्या रश्श्याची चौथी वाटी मागणारा : देवाला हाय की. शेजाऱ्याचा वायफाय वापरणारा, सासूच्या डब्यातला लाडू खाणारा, लग्नात दोनदा पंगतीला बसणारा; ज्याच्या त्याच्या पापाला माझा फुलासुर. पेठ वडगावच्या बाजारात एका भाजीवाल्यानं त्याला वजनकाट्यावर चिकटवल्याचा फोटो आला. निपाणीकडून कानडी अक्षरांतला आला. पुण्याहूनही आला, त्यात भाषा सुधारून ‘देवासाठी आहे, पाप लागत नाही’ असं केलं होतं आणि सगळी मजा घालवली होती.

एक दिवस यांनी ऑफिसातून मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ, कुणीतरी काय भारी काढलंय!" हा मनुष्य त्या बोर्डाला वळसा घालून रोज स्कूटर बाहेर काढत होता.  संध्याकाळी मी आमटीत मीठ घातलं नाही.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं. माझं चित्र गावभर फिरत होतं आणि त्याच्याखाली माझं नाव नव्हतं. पण हे दुःख फार टिकलं नाही, कारण दुसऱ्या कुणाचं तरी त्याहून मोठं दुःख माझ्या दारात येऊन उभं राहिलं.

आमच्या शेजारी पिराजीकाका राहतात. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता निवृत्त. अंगानं बारीक, आवाजानं तालमीतले. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात जाळ्या बसवल्या आणि डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं, चालणं थांबवलंत तर परत माझ्याकडंच याल. तेव्हापासून काका रोज पहाटे माकडटोपी घालून तलावाला जायचे. जाताना आमच्या कंपाउंडपाशी थांबून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "संयोगिता, दोन फुलं घेतो गं!" मी अंथरुणातूनच "घ्या काका" म्हणायची. ते दोन म्हणून पिशवी भरायचे, हा भाग वेगळा. पण साऱ्या कॉलनीत सांगून नेणारे तेवढे एकच होते.

आणि नेमकं त्यांच्यावरच शेकलं. तलावावर काही पोरांनी त्यांना बघितलं. माकडटोपी, बटाट्यासारखं नाक, हातात कॅरीबॅग. "आयला, फुलासुर आला रं!" त्यांनी काकांचा फोटो काढला आणि माझ्या चित्राशेजारी लावून सोडून दिला. दोन्ही फोटो बघून मीसुद्धा चरकले. मी डोळ्यांपुढं कुणालाही आणलं नव्हतं. पण रोज शेजारी दिसणारा माणूस हातात कधी उतरतो, ते कळत नाही.

ते किती शेकलं हे मला कळलं ते त्यांच्या बायकोकडून, झुंबरकाकूंकडून. काकू पदरानं तोंड पुसत आल्या. "संयोगिता, ह्यांनी बूट माळ्यावर टाकल्यात गं. फिरायला जाईनात. खुर्चीत बसत्यात आणि भिंतीकडं बघत्यात. डॉक्टरनं परत बोलवलंय, त्येला काय सांगू?"

मी तशीच उठून गेले. काकांनी मला बघितलं आणि पेपर उघडून तोंडापुढं धरला. उलटा.

"काका, मी तुम्हाला काढलं नव्हतं हो. शप्पत."

"ठावं हाय."

"मग चला की फिरायला."

"न्हाय."

"का पण?"

पेपर आणखी वर सरकला. मी मनाशी धरलं, भल्या माणसाला गावानं चोर ठरवलंय, तोच सल असणार. आता फुलासुराला आवरायचं आणि काकांना परत रस्त्यावर आणायचं, हे माझं काम झालं.

तेजस्वीला म्हटलं, "काढून टाक ते."

ती म्हणाली, "आई, माझ्याकडचं कधीच काढलंय. ते आता माझं राहिलं नाही गं. ते सगळ्यांचं झालंय."

मग मी दुसरं चित्र काढलं. फुलासुराच्या जागी फुलासुरीण : अंगात गाऊन, खांद्यावर ओढणी, केसाला चाप, म्हणजे उघडउघड मीच. लोकांना हसायचंच असेल तर मला हसा, काकांना सोडा. तेजस्वीनं ते टाकलं. ते आवडलं दोघांना, एक तेजस्वी आणि दुसरा बिद्रीचा माझा भाऊ. त्याला विचारलं तर म्हणाला, "चुकून बोट लागलं गं." माणसानं गावासाठी स्वतःचं हसं करून घ्यायला निघावं आणि गावानं हसायलाही तयार नसावं! असा अपमान माझा माझ्या सासरीसुद्धा झाला नव्हता.

शेवटी पोलिसांकडं गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"सगळ्यांविरुद्ध."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, ते चित्र तुमचंच कशावरून?"

मी म्हटलं, "मिशीचा रंग ओघळलाय, तो माझ्या हातानं."

तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर काहीतरी आलं. त्यांनी बघितलं, हसू दाबलं आणि मोबाईल पालथा घातला. मला कळायचं ते कळलं. "मूळ बोर्ड घेऊन या, मग बघू," ते म्हणाले.

मी घरी आले. बोर्ड नव्हता. तार पक्कडीनं व्यवस्थित कापलेली होती. देवाला नेला असेल.

परत गेले. साहेब म्हणाले, बोर्डाच्या चोरीची तक्रार निराळी. ती कुठल्या ठाण्यात, ते तुमचं कंपाउंड कुणाच्या हद्दीत आहे त्यावर. आता आमचं घर शहराच्या अगदी कडेला. घरातली मंडळी ग्रामपंचायतीला विचारून आली, पालिकेला विचारून आली. दोन दिवस नकाशे उलगडून झाल्यावर निष्पन्न झालं ते असं, की झाड ग्रामपंचायतीत आहे आणि फुलं पालिकेत. बोर्ड दोहोंच्या मधोमध होता. मी तक्रार मागं घेतली. साहेबांनी मला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "नवीन काढलाय का एखादा?"

या सगळ्यात काकांचे बूट माळ्यावरच होते. हार मानून मी वाटीभर खीर घेऊन त्यांच्याकडं गेले आणि समोर बसले.

"काका, तुम्हाला चोर म्हटलं त्याचं मला फार वाईट..."

"कोण म्हणतंय चोर म्हटल्याचं?" काका एकदम उसळले. "काट्यावर होतो तवा ऊस घालणारी माणसं रोज चोर म्हणायची मला. तोंडावर! त्यांचा ऊस मी बरोबर तोलायचो, तरी म्हणायची. चोराचं काय एवढं घेऊन बसलीयास?"

"मग?"

काकांनी खिरीची वाटी बाजूला सारली. आवाज उतरला. "मिशी, संयोगिता."

"मिशी?"

"अशी खाली? आमच्या घराण्यात मिशी खाली घेतलेला माणूस दाखव. लग्नातला फोटो बघ, तो बघ! नांगरट करताना वर, वरातीत वर, दवाखान्यात त्या टेबलावर झोपवलं तवाबी वर. आणि तू निपाणीपातुर, पुण्यापातुर माझी मिशी खाली करून पाठवलीस. रस्त्यानं कुठल्या तोंडानं चालू?"

झुंबरकाकूंनी कपाळाला हात लावला. "आवो, ह्यासाठी बसलाय व्हय भिंतीकडं बघत? मी इथं जीव मुठीत धरून बसलीया!"

"तुला न्हाय कळायचं," काका म्हणाले.

मला मात्र कळलं. मीही ती मिशी मन लावूनच काढली होती. मी त्यांना ओल्या रंगाचं, भाकरीचं, सगळं सांगितलं. मूळची मिशी वर होती हे ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग परत पडला. "तुला आणि मला म्हाईत. गावाला कोण सांगणार?"

आता गावाला एखादी गोष्ट सांगायची आमच्याकडं एक पद्धत आहे. आमच्याकडं बारशापासून बारावीपर्यंत आणि नव्या ट्रॅक्टरपासून निवडून येण्यापर्यंत जे काही होतं, ते फ्लेक्सवर आल्याशिवाय झालं असं कुणी मानत नाही. आणि सलमाभाभींच्या घरचाच फ्लेक्सचा धंदा. मी त्यांच्या मिस्टरांकडं, हुसेनभाईंकडं गेले.

"निमित्त काय टाकायचं?" त्यांनी विचारलं. "वाढदिवस हाय काकांचा?"

"शाळेतल्या तारखेनं एक जून."

"आत्ता तर थंडी हाय. असू द्या. फ्लेक्सला निमित्त लागत न्हाय, फोटो लागतो."

मजकूर सलमाभाभींनी सुचवला, आणि त्या बाईंना साहित्यात कुणी विचारत नाही हे मराठीचं नुकसान आहे. ‘फुलासुर यांची मिशी पूर्ववत झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मी चित्र नव्यानं काढलं. मिशी अशी काढली, की टोकं थेट माकडटोपीच्या गोंड्याला जाऊन भिडली.

पण फ्लेक्स म्हटलं की खाली शुभेच्छुक आले, आणि शुभेच्छुक म्हटलं की फोटो. सेक्रेटरींना वगळून चालेना. ते आले म्हणून त्यांच्या मेव्हण्याचा आला. पांढऱ्या बुटांच्या बाई स्वतःहून फोटो घेऊन आल्या, कुत्र्यासकट. यांनी गॉगल घातलेला दिला. "तुमचा कशाला?" मी विचारलं. "अगं, मी चित्रकाराचा नवरा!" हे म्हणाले. झाडाला आजवर हात घातलेला एकूणएक माणूस त्या रांगेत हसत उभा होता. फोटो वाढत गेले तशी हुसेनभाईंनी मिशी कापायला घेतली. मी संगणकापुढं आडवी झाले. शेवटी तडजोड झाली आणि मिशीचं डावं टोक सेक्रेटरींच्या कानात गेलं.

फ्लेक्स तलावाच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर चढला. मी जागा विचार करून निवडली होती. काकांच्या गॅलरीतून ट्रान्सफॉर्मरच्या आडून मिशीचं फक्त एक टोक दिसायचं. उरलेलं बघायचं तर खाली उतरायलाच हवं.

सकाळी काकूंनी त्यांना गॅलरीत नेलं. ते टोक काकांनी बराच वेळ निरखलं. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली, खुर्चीवर चढून बघितलं. मग मला ऐकू आलं, "ए, ते बूट काढ गं खाली."

मी कणकेचे हात तसेच घेऊन गाऊनवर ओढणी टाकून धावले. काका पुढं, मी मागं, आणि माझ्यामागं गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन काकू. कोपऱ्यावर पोचलो, तर फ्लेक्सची मोकळी चौकट तेवढी उभी. विनापरवाना बोर्ड काढणारी पालिकेची गाडी नेमकी त्याच वेळी आली होती. आमचा फ्लेक्स दुमडून मागच्या हौद्यात टाकलेला, आणि फळीच्या वर मिशीचं टोक डुलत होतं.

"थांबा! ए पावणं, माझी मिशी हाय त्यात!" काका ओरडले.

गाडी निघाली. आणि काका गाडीमागं निघाले.

गाडी सुसाट गेली असती तर विषय तिथंच संपला असता. पण आमच्या गावात दर चौकात एक तरी फ्लेक्स असतोच. गाडी थांबायची, माणसं उतरायची, एखाद्याचं अभिनंदन खाली घ्यायची. तोवर काका गाठत आणायचे आणि गाडी पुन्हा सुटायची. काकू मागून ओरडत होत्या, "आवो, सावकाश! गोळी घ्या!" मला चेहरा कुठं लपवावा कळेना. गाऊनमध्ये मला आख्ख्या शहरानं बघितलं. माझी फुलासुरीण चालली नाही म्हणून मी रडले होते, तिची अशी वरात निघाली.

एका चौकात कॉलेजची पोरं उभी होती. "अरे, फुलासुर! फुलासुर आला!" मोबाईल वर झाले. मला वाटलं, संपलं. आता काका परत फिरणार, बूट परत माळ्यावर जाणार.

काका थांबले. पोरांकडं बघितलं. मग टोपी जराशी मागं सारली, आणि मिशीला एका बाजूनं पीळ दिला, मग दुसऱ्या बाजूनं. "नीट काढा," ते म्हणाले. "वरची बाजू नीट आली पायजे."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. काका पुढं निघाले, आता जरा सावकाश, छाती काढून.

गाडी थांबली ती पालिकेच्या आवारात. तिथं शहरभरचे फ्लेक्स ढिगानं पडले होते. आमचा त्यावर फेकला आणि तो आपसूक उलगडला. एका बाजूला कुणी भावी आमदार हात जोडून, दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेले कुणी युवा नेते, आणि मधोमध फुलासुर. सगळ्यांत मोठी मिशी त्याचीच.

काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तिथल्या शिपायानं विचारलं, "न्यायचाय काय, काका? अर्ज द्यावा लागंल."

"न्हाय, न्हाय," काका घाईनं म्हणाले. "राहू दे तिथंच. हलवू नका." आणि माझ्याकडं वळून हळूच, "बघ की गं, कुणाकुणाच्या पंक्तीला बसवलंय मला."

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. मी बाहेर येऊन रिक्षाला हात केला. काकू आधी चढल्या, मग मी. मी सरकून जागा केली.

"काका, या."

"तुम्ही दोघी जावा पुढं," काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "मी येतो चालत. वाटंला माणसं असतील."